डावी पाकळी

मामा, काल तुमचं बारावं झालं. आज सकाळी मांडव उतरला, मागून आणलेली भांडी परत गेली. माणसं खूप आली होती. कॅसलरॉकची तर सगळीच, रामनगरहून माझ्या माहेरची, पार गुंदकडचीसुद्धा. प्रत्येकजण तुमचं काहीतरी सांगत होता. भातात शिरलेला गवा तुम्ही काठीनं नव्हे, नुसत्या शिव्यांनी पळवलात, हे तर चौघांनी चार तऱ्हांनी सांगितलं. पण बोलणं फिरून फिरून एकाच वाक्यावर यायचं, "म्हातारा देवीपुढं कधी खोटं बोलला न्हाई."

मी चहाचा ट्रे घेऊन पुढं सरकायची. मला माहीत होतं, तुम्ही एकदा बोलला होता. आणि त्या एका खोट्यामुळं माझी सानू आज चौथीत आहे.

आपण दोघं त्यावर कधी बोललो नाही. सून आणि सासरा, एका छपराखाली, महेश नोकरीसाठी गोव्यात, घरात बोलायला तिसरं मोठं माणूस नाही. तरी बोललो नाही. आता बोलते, या कागदावर. तुम्हाला मधे तोडता येणार नाही, एवढाच काय तो माझा फायदा.

सानूचं डोकं जन्मापासून जरा मोठंच होतं. मी शिवणकाम करणारी बाई, टोपडी लवकर लहान होतात हे पहिल्यांदा मलाच दिसलं. एक शिवून घालावं तोवर दुसरं कापायला घ्यावं लागायचं. तुम्ही म्हणायचा, "मोठ्या डोक्याचं पोर मोठ्या नशिबाचं," आणि तिला खांद्यावर टाकून रेल्वेच्या फाटकाकडं निघायचा. घाट चढून मालगाडी यायची, मागनं ढकलणारी इंजिनं धापा टाकत असायची, आणि तुम्ही आजोबा-नात दोघं मिळून गाडीला "हं, हं, आणि जरा!" म्हणून जोर द्यायचा. गाडी वर आली की आपल्यामुळंच आली अशा ऐटीत घरी परतायचा.

दोन वर्षांची झाली आणि तिची मान हलायला लागली. पुढं-मागं, पुढं-मागं, कुणी काही विचारावं आणि तिनं 'हो' म्हणावं तशी. जागी असली की चालूच. झोपली की बंद. "सानू, मान हलवू नको," म्हटलं की क्षणभर थांबवायची, आणि विसरली की पुन्हा सुरू. आधी आम्ही हसलो. गोडच दिसायचं ते. मग शिमग्याला शेजारच्या भागूमावशीनं गंमत म्हणून विचारलं, "गो सानू, औंदा माझ्या म्हशीला रेडी हुईल का?" सानूची मान हलली. आणि म्हशीला रेडीच झाली.

त्या रेडीनं घात केला बघा. माणसं यायला लागली. लग्न जमंल का, पोराला नोकरी लागंल का, चोरीला गेलेला बैल घावंल का. सानू सगळ्यांना हो म्हणायची. "देवीचं वारं हाय पोरीत," असं वाडीत पसरलं. गावदेवीला कौल लावायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घराकडं, त्यामुळं लोकांना ते पटायलाही सोपं गेलं. एकदा एकजण आला, तिच्यापुढं नारळ ठेवला, उदबत्ती लावली आणि हात जोडून बसला. ती पाटावर बसून दोन्ही हातांनी गूळ चाटत होती.

तो गेल्यावर मी नारळ फोडला आणि चटणी वाटली.

तुम्ही जेवायला बसलात. "नारळ कुठला गो?"

"सानूपुढचा."

तुम्ही ताट सरकवलंत. "देवाचं हाय त्ये. असं करू न्हाई, पोरी."

"देवाचं असतं मामा, तर देवानं तिला सुखानं जेवू दिलं असतं."

कारण ती जेवायची कशी ते आपण दोघंही रोज बघत होतो. घास तोंडाशी न्यावा आणि मान हलून तो नाकाला लागावा. पाणी गळ्यावरून ओघळायचं. पुढं पुढं तिनं स्वतःच एक युक्ती काढली होती. डाव्या हातानं आपली हनुवटी घट्ट धरायची आणि उजव्या हातानं पेला तोंडाला लावायचा. एवढंसं पोर, स्वतःचं डोकं स्वतः धरून पाणी पीत होतं.

तुम्ही ताट पुन्हा ओढून घेतलंत, चटणी तेवढी बाजूला ठेवलीत. पण दुसऱ्या दिवसापासून तिला मांडीवर घेऊन जेवायला बसू लागलात, एक तळवा तिच्या डोक्यामागं लावून. आपलं भांडण असंच असायचं. तोंडानं तुम्ही हरायचा नाही, पण हातानं माझ्या बाजूला यायचा.

मग सकाळी उठल्या-उठल्या तिला उलट्या सुरू झाल्या. चालताना पाय फाकून, झोकांड्या देत चालायची. समोरचं दिसायचं तिला, बाजूचं नाही; दाराच्या चौकटीवर कानाच्या बाजूनं आपटायची आणि चौकटीलाच मारायची. मी तिला रामनगरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोक्याभोवती टेप लावला, डोळ्यांत बॅटरी मारली, आणि खुर्ची माझ्याजवळ ओढून सांगितलं, "डोक्यात पाणी साठत असणार. हुबळीला न्या. वाट बघत बसू नका."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा ओसरीवर वाडीतली पाच-सहा माणसं होती. पोरीच्या डोक्याला सुरी लावायची म्हटल्यावर सगळ्यांचेच चेहरे उतरले. "देवीनं दिलंय ते चिरून काढणार? कोप हुईल वाडीवर," भागूमावशी म्हणाली. ती वाईट बाई नाही, मामा. भ्यायली होती. मी गोव्याला फोन लावला. महेश एवढंच म्हणाला, "अप्पा म्हणतील तसं."

सगळे तुमच्याकडं बघायला लागले. तुम्ही म्हणालात, "उद्या सकाळी कौल लावतो."

मला इतका राग आला होता की सांगता सोय नाही. डॉक्टर वाट बघू नका म्हणतो आणि हा माणूस दगडाला विचारायला निघालाय. रात्रभर मनात भांडले तुमच्याशी. नको म्हणून कौल आला तरी पोरीला घेऊन एकटी जाईन, परत या घरात पाऊल ठेवणार नाही, इथवर ठरवून टाकलं होतं.

सकाळी देवळात सगळी माणसं बाहेरच्या सभामंडपात. पोर माझं, म्हणून मला तेवढं गाभाऱ्याच्या चौकटीशी उभं केलेलं, सानू कडेवर. तुम्ही ओलेत्यानं आत गेलात. पाषाणाच्या दोन्ही अंगांना एकेक ओली पाकळी चिकटवलीत. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार; एवढं लहान पोरालाही ठाऊक. तुम्ही गाऱ्हाणं घातलंत, "माउली, लेकरू तुजंच हाय. घेऊन जाऊ का, सांग." बाहेर कुणी खोकतही नव्हतं. समईच्या उजेडात मला दोन्ही पाकळ्या दिसत होत्या. सानूचं डोकं माझ्या खांद्यावर आपटत होतं, टक टक, टक टक.

डावी पाकळी सुटली.

ती खाली येऊन देवीच्या पायाशी पडली. तुम्ही हलला नाहीत. पाठमोरे होता, तुमचा चेहरा मला दिसला नाही. पण तुमच्या पाठीवरची कातडी थरथरलेली दिसली, बैलाच्या अंगावर माशी बसल्यावर थरथरते तशी. मग तुम्ही वाकलात, नमस्काराला वाकावं तसं, आणि उठताना ती पाकळी मुठीत घेतलीत. बाहेर आलात. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

"उजवा कौल हाय. माउली जा म्हणती. मी बी जातो पोरीसंगं."

सभामंडपातनं एकदम श्वास सुटला. भागूमावशीनं सानूसाठी माझ्या पदरात नारळ घातला, या वेळी वाटेसाठी. तुमची मूठ घरी येईपर्यंत मिटलेलीच होती.

हुबळीच्या गाडीत तुम्ही खिडकीशी बसलात आणि लोंढा जाईपर्यंत बाहेरच बघत राहिलात. मला वाटलं, गावाबाहेर आल्यामुळं बुजलात. आता समजतं, ती डावी पाकळी तुम्ही गाडीतही सोबत घेऊन बसला होता.

दवाखान्यात आपल्या शेजारच्या खाटेवर हल्याळकडचा एक मुलगा होता, पाचेक वर्षांचा. खाली वाकला की त्याच्या नाकातनं थेंब थेंब पाणी गळायचं, स्वच्छ, विहिरीच्या पाण्यासारखं. तुम्ही त्याच्या आईला कानडीत म्हणालात, पोराला सर्दी झालीय, सुंठ उगाळून लाव. ती म्हणाली, "वर्षभर तेच लावलं, अज्जा. ही सर्दी नाही म्हणे. डोक्यातलं पाणी आहे. आत इतकं दाटलं की हाड झिजवून नाकावाटे वाट काढली त्यानं. त्याच वाटेनं मग ताप मेंदूत गेला." पोरगा बरा होत होता, तरी तुम्ही खाटेच्या कडेवर बसलात आणि सानूच्या नाकाखाली बोट लावून बघितलंत, कोरडं आहे का.

डॉक्टरीणबाई तुम्हाला आठवत असतील. कानडी बोलायच्या, बुटक्या, भरभर चालणाऱ्या. त्यांनी सानूच्या डोक्याचा फोटो काचेवर लावून दाखवला. मेंदूत पाणी रोज तयार होतं आणि रोज वाहून जातं, त्या म्हणाल्या. हिच्या मेंदूच्या मधोमध पाण्याची एक पिशवी वाढलीय, ती वाट अडवते. म्हणून मागचं पाणी तुंबलं. नजरेच्या शिरा तिथूनच जातात, त्या दाबल्या गेल्यात. असंच राहू दिलं तर आंधळी होईल, चालणं जाईल, जीवही जाईल. काही मुलींना तर लहानपणीच मोठ्या बाईसारखी पाळी येते, कारण शरीराला वेळ सांगणारी जागाही तिथंच दाबते. "आणि ही मान हलणं," त्या म्हणाल्या, "हे फार क्वचित दिसतं. कित्येक डॉक्टरांना आयुष्यात एकदाही बघायला मिळत नाही. नेमकं का होतं ते कुणालाच पक्कं सांगता येत नाही. पाण्याच्या दाबामुळं होतं, इतकं नक्की."

तुम्ही हात जोडून विचारलंत, "म्हंजे, बाई... ती 'व्हय' म्हणत न्हवती?"

त्यांना प्रश्न कळला नाही. मला कळला. गावानं वर्षभर त्या पोरीला इतकं विचारलं, आणि ती कुणालाच काही सांगत नव्हती. सांगत असलीच तर एवढंच, की मला काहीतरी होतंय.

ऑपरेशन झालं. डोक्याला छोटं भोक पाडून दुर्बिणीनं ती पिशवी उघडली, पाण्याला वाट करून दिली. ती शुद्धीवर आली, उलट्या थांबल्या, पण मान हलतच राहिली. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, मान थांबायला वेळ लागेल, थांबेलच असंही नाही. मी ते ऐकलं होतं. तुम्हीही ऐकलं होतं. तरी तुमचं खाणं सुटलं. रोज सकाळी डोळे उघडल्याबरोबर तिच्या मानेकडं बघायचा आणि तोंड फिरवायचा. डावी पाकळी आठवत असणार तुम्हाला. मी समजावायला जायची आणि सानूचं पांघरूणच सारखं करून परत यायची. मला कसं माहीत, म्हणून विचारलं असतंत तर?

मग ती सकाळ. तुम्ही वाटीत दूध घेऊन तिच्यापुढं बसला होता. "पी गो बाय. एक घोट." तिनं दुधाकडं बघितलं. तुमच्याकडं बघितलं. आणि मान हलवली. आडवी. डावीकडनं उजवीकडं, सावकाश, पक्की.

तुमच्या हातातली वाटी कलंडली. "पोरी," तुम्ही मला हाक मारलीत, "पोरी, हिकडं ये! न्हाई म्हणाली! दूध नको म्हणाली!" मग सगळ्या वॉर्डभर, शेजारच्या खाटेला, नर्सबाईंना, झाडूवालीला, "नातीनं न्हाई म्हटलं बघा मला," करत फिरलात. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला वेड लागलं. नात दूध पीत नाही आणि हा रडतोय काय, हसतोय काय. मी सांडलेलं दूध पुसत होते आणि मला पुसता येईना.

हळूहळू मान थांबली. पूर्ण नाही, खूप दमली किंवा आनंदानं उड्या मारायला लागली की अजून थोडी हलते. एका डोळ्याची बाजूची नजर गेली ती गेली. जाड चष्मा लावते, पहिल्या बाकावर बसते आणि फळ्यावरचं दिसलं नाही तर गुरुजींना मोठ्यांदा सांगते. दरवर्षी हुबळीला दाखवून आणतो. वाडीत थोडी निराशाच झाली म्हणा. "आता इचारायचं कुणाला?" भागूमावशी म्हणाली. तुम्ही म्हणालात, "ढोराच्या डॉक्टरला इचार."

पण घरी आल्यावर तुम्ही पुन्हा कौल लावला नाहीत. "दिसत न्हाई आता नीट," असं सांगून चुलतभावाच्या दत्तूकडं काम सोपवलंत. गावानं मानलं, वय झालं. माझ्या सुईत दोरा तुम्हीच ओवून द्यायचा, पलीकडच्या डोंगरावरचा गवा नर की मादी ते ओसरीवरून ओळखायचा. मी काय ते समजले. ज्या कामाची तुम्हाला आयुष्यभर ऐट होती ते तुम्ही स्वतःच्या हातानं ठेवून दिलंत. देवळात जायचा, पण सभामंडपातच बसायचा. आत पाऊल नाही.

एकदाच आपण त्या गोष्टीच्या अगदी जवळ आलो होतो. दुपारची वेळ, मी मशीनवर, तुम्ही अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होता. मी म्हटलं, "मामा, डॉक्टरकडं जायला देवीला कशाला विचारायचं? गाडीत बसायला विचारता?"

"ते देवीसाठी न्हवं, पोरी. माणूस भ्यालेला असतो. एकट्याचा पाय उचलत न्हाई. मागं कोणतरी हाय म्हटलं की उचलतो."

"आणि देवीच नको म्हणाली तर?"

सूप थांबलं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी शिवणीकडं बघत राहिले. "तर मग," तुम्ही म्हणालात, "म्हाताऱ्या माणसानं काय त्ये बघायचं." आणि उठून गोठ्यात गेलात.

तिथंच राहिलं ते. तर आता ऐका. मी बघितलं होतं, मामा. पाकळी सुटताना, तुम्ही वाकताना, मूठ मिटताना. तुम्ही देवीला फसवलंत असं तुम्हाला शेवटपर्यंत वाटत राहिलं. मला तसं वाटत नाही. पाकळी तर ओली असते, सुटते. माणूस मात्र तिथं पिढ्यान्‌पिढ्या उभा असतो, गावाच्या वतीनं बोलायला. त्या दिवशी देवी पाकळीतनं बोलली की तुमच्या तोंडातनं, हे मला सांगता येत नाही. तुम्हालाही येत नव्हतं, म्हणून इतकी वर्षं बाहेर बसलात. पण त्या गाभाऱ्यात तुम्ही एकटे नव्हता. मागं चौकटीशी मी होते. एवढं तुम्हाला ठाऊक असतं तर कदाचित पुन्हा आत गेला असता.

आणखी एक सांगायचंय, हे तुमच्यामागं घडलं.

तीन दिवसांमागं, अजून सुतक होतं तेव्हा, पलीकडच्या वाडीतली रेणुका आली. कोवळी पोर आहे, पहिलंच बाळंतपण. पदराखाली सहा-आठ महिन्यांचं बाळ. तुम्ही गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं, कौल दत्तूकडं गेल्याचंही नाही. बाळाचं कपाळ पुढं आलेलं, त्यावर निळ्या शिरा, टाळू फुगलेली. डोळे खाली वळलेले, बुबुळांवर पांढरं दिसत होतं. मला बघताक्षणी कळलं. ती म्हणाली, कौल मागायला आलेय, सासू म्हणते दवाखान्याचं आधी देवीला विचार.

"सुतकात कौल लागत नाही," मी म्हटलं.

"मग बारावं झालं की येतो, अक्का."

"बारावं झालं तरी येऊ नकोस. हा आजार आहे, रेणुका. याला उपाय आहे. पण थांबायचं नाही."

ती बाळाची टाळू पदरानं झाकू लागली. तेवढ्यात सानू शाळेतून आली. दप्तर टाकलं, बाळाकडं बघितलं, आणि न विचारता केस बाजूला करून त्या बाईला आपली खूण दाखवली. "हितनं उघडलं होतं मला. झोपवतात, मग कळत न्हाई. उठल्यावर तहान लागती, बस." बाळानं तिचा चष्मा ओढला. तिनं ओढू दिला.

रेणुका तिच्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मी कधी लोंढ्याच्या पलीकडं गेलो न्हाई, अक्का. एकटी कशी जाऊ?"

मामा, माझ्याकडं उत्तरं पुष्कळ होती. डॉक्टरांचं नाव, गाडीची वेळ, कुठं उतरायचं, कुठल्या खिडकीशी उभं राहायचं. तिनं यातलं काहीच विचारलं नव्हतं. त्या दुपारी सूप पाखडताना तुम्ही काय म्हणत होता, ते मला तेव्हा समजलं. आपलं ते भांडण मी हरले म्हणा. पण थोडंसंच.

"मी येते," म्हटलं.

मग तिच्या सासूकडं गेले. देवीचं काहीच बोलले नाही, खरं की खोटं. फक्त सानूला बरोबर नेलं आणि म्हटलं, हिच्याशी बोला. म्हातारी तासभर बोलली. निघताना तिनं बाळासाठी जुन्या लुगड्याच्या घड्या काढून दिल्या, प्रवासाला मऊ लागतात म्हणून.

उद्या सकाळची गाडी आहे. महेश अजून चार दिवस आहे, भाताचं तो बघेल. सानूनं डॉक्टरीणबाईंसाठी गाडीचं चित्र काढून दिलंय. बाळाची नजर किती उरलीय मला माहीत नाही. उशीर झाला असेल किंवा नसेल. पण सानूच्या वेळेपेक्षा हे बाळ लहान आहे, आणि लहानपणी मेंदू पुष्कळ सावरून घेतो, असं त्या बाई म्हणाल्याचं माझ्या चांगलं लक्षात आहे.

हे लिहिता लिहिता रेणुकाचा फोन येऊन गेला. आवाज लहान झाला होता.

"अक्का, येतासा न्हवं?"

"अगं, टेसनात ये तू निवांत," मी म्हटलं. "मी तुझ्या आधी येऊन उभी असेन."